यादीतला भरत

माझं नाव लक्ष्मण. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या नावाचाच सगळा घोळ आहे. शिक्षण सातवी, तीही ढकलत ढकलत. लिहिताना कुठे काना-मात्रा चुकली तर समजून घ्या, मुद्दा चुकणार नाही. बायको गेली त्याला आठ महिने झाले. ती होती तोवर मला लिहायची गरज पडली नाही, जे काय असेल ते तिच्याशी बोलून संपायचं. आता खोलीत बोलायला भिंत आहे आणि पंखा आहे. पंखा निदान कुरकुर तरी करतो.

गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बाबा आणि मी एकाच गिरणीत, ते साच्यावर, म्हणजे मागावर, आणि मी बदली कामगार. भोंगा वाजायचा थांबला आणि लालबागच्या आमच्या चाळीत माणसं दिवसाढवळ्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहायला लागली. पुरुष दिवसा घरात दिसला की घर लहान होतं. आमची खोली आधीच दहा बाय बारा. त्यात बाबांचा खोकला, आईचा स्टोव्ह, माझी बायको शेवंती आणि मी. मोठा भाऊ राम गावाला शेती बघायचा. मी मार्केटात गोणी उचलायला जायचो. गोणीचं काम मिळालं तर मिळालं. जेवणात कुळथाची पिठी आणि भात, भात आणि कुळथाची पिठी. सुका बोंबील भाजला की चार खोल्यांपर्यंत वास जायचा आणि पोरं दारात येऊन उभी राहायची, मग आई त्यांनाही चिमटी चिमटी द्यायची. माझ्या पानात उरायची ती शेपटी.

पण भुकेचं मी रडगाणं गात नाही. भूक सगळ्यांनाच होती. आम्हाला मारलं ते पाण्याने. तिसऱ्या मजल्यावर आमच्या नळ होता, नुसता होता. सोडला की तो आधी खाकरायचा, मग फुस्स करून हवा सोडायचा आणि गप्प व्हायचा. पाणी यायचं ते तळमजल्यावर, दुपारी पाऊण तास. तेवढ्या वेळात अख्ख्या चाळीच्या बायका कळशा-हंडे घेऊन रांगेत. त्या जिन्याचा आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो. भरल्या हंड्याचा ठोका वेगळा आणि रिकाम्याचा वेगळा. पायऱ्या लाकडी, मधे झिजून वाटीसारख्या झालेल्या, आणि दुपारभर ओल्या.

आता शेवंतीचं सांगतो. ती वेंगुर्ल्याकडची. तिच्या घरात एक पक्कं होतं, बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. तशा त्या काळी सगळ्याच बायका नाव घेत नसत, पण निदान उखाण्यात तरी घेत. हिने तिथेही फसवलं. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा वाजंत्री जोरात वाजायला लागेपर्यंत थांबली आणि मग नुसते ओठ हलवले. मी शेजारी बसलेलो, मला काही ऐकू आलं नाही. रात्रंदिवस एका खोलीत राहून तिने मला हाक मारली ती "अवो" एवढीच. गॅलरीत "अवो" म्हटलं की पाच नवरे मान वळवायचे.

त्या उन्हाळ्यात मतदारांची नावं लिहायला माणूस आला. दुपारची वेळ, म्हणजे पाण्याची. आई खाली रांगेत, बाबा दवाखान्यात, मी मार्केटात. शेवंतीला तिसरा महिना होता म्हणून आईने तिला हंड्याला हात लावायचा नाही असं बजावून घरात बसवलेलं. ती एकटी. आलेला माणूस घामाघूम, काखेत जाड वही. बाबांचं नाव त्याने दारावरच्या पत्र्याच्या पाटीवरून उतरवून घेतलं, गोविंद. नाहीतर तिथेच अडला असता, सासऱ्याचंही नाव ती घेणार नव्हती. आईचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं. पुढे काय झालं ते तिने मला नंतर एवढ्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होतो असं वाटतं.

"मिस्टरांचं नाव?"

हिने पदर पुढे ओढला.

"बाई, अजून दोन मजले आहेत मला. नाव सांगा."

"शेजारच्या काकूंना विचारा की."

"शेजारी कुलूप आहे."

शेजारच्या काकू रांगेत होत्या. सगळी चाळ रांगेत होती. मग हिने डोकं चालवलं. म्हणाली, "आमच्या मोठ्या भावोजींचं नाव राम. आता रामाच्या पाठचा कोण, ते तुम्हालाच ठाऊक."

"भरत," म्हणाला तो आणि लिहिलं.

शेवंतीने मान हलवली, नाही म्हणून. पण पदर डोक्यावरून पुढे ओढलेला आणि मान खाली. त्या माणसाला ती हो वाटली. आणि माणसाचंही काय चुकलं? रामाच्या पाठचा भरतच. आमच्या आजोबांनीच मधला एक भाऊ गाळून माझं नाव ठेवलं होतं.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, माझ्या झिलाचा बारसा परत केलंस?" झील म्हणजे मुलगा. दोघी हसत सुटल्या. मीही हसलो. त्या खोलीत हसू आलेलं मला आठवतं ते तेवढंच, म्हणून लिहून ठेवतोय.

दोन महिन्यांनी आईला ताप भरला. मी घरात नव्हतो. घरात पाण्याचा थेंब नाही, बाबांना औषध घ्यायचं, म्हणून शेवंतीने हंडा उचलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय घसरला. हंडा खाली तळमजल्यापर्यंत वाजत गेला, चाळीतले म्हणाले. पाचवा महिना. मुलगा होता. मला त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. मी घरी आलो तर जिना कोणीतरी धुऊन काढलेला, खालच्या त्याच नळाच्या पाण्याने.

त्यानंतर मला नळाशिवाय दुसरं काही दिसेना. गोणी उचलताना नळ, जेवताना नळ. तळमजल्यावर एक रिटायर मास्तर राहायचे, त्यांनी रागाने नगरसेवकाच्या निवडणुकीला अर्ज भरला, अपक्ष. एकच बोलणं, वरच्या मजल्यांवर पाणी चढवीन. निशाणी मिळाली बादली. लोक हसले, मी हसलो नाही. मी त्यांच्यामागे दारोदार फिरलो. मला राजकारण तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. मला एवढंच कळत होतं की पोर गेलं ते पाण्यापायी, आणि त्यावर मला करता येण्यासारखी जगात एकच गोष्ट शिल्लक आहे, बादलीवर शिक्का. बाकी मी कोणाचं काय वाकडं करू शकत होतो?

यादी शाळेच्या भिंतीवर लागली. मी बोट ठेवून वाचत गेलो. बाबा सापडले, आई सापडली. लक्ष्मण नाही. परत वाचलं. मग दिसलं, "भरत गोविंद", पुढे आमचं आडनाव, आमचाच खोली नंबर. त्याच्याखाली "शेवंती भरत". माझी बायकोसुद्धा त्या भरतला देऊन टाकलेली. एक दिवसाचं काम बुडवून ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, यादी छापून झाली, आता पुढच्या वेळी. मी म्हटलं, मला याच वेळी द्यायचंय. तो म्हणाला, "मग द्या की भरत म्हणून, कोण बघतंय?"

बघणारा होता. मतदानाच्या दिवशी दुसऱ्या उमेदवाराचा एजंट म्हणून आत बसला होता बाबल्या. पलीकडच्या चाळीतला, माझ्याबरोबर कबड्डी खेळून वाढलेला. वर्गात बाकं सरकवून टेबलं लावलेली, पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. आई आणि शेवंती बायकांच्या रांगेत. शेवंतीने लग्नातली साडी नेसलेली. ती पडल्यानंतर चाळीबाहेर यायची ही पहिलीच वेळ, अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. पहिल्या टेबलावरच्या माणसाने ठणठणीत आवाजात नाव वाचलं, "भरत गोविंद!"

बाबल्या उठला. "थांबा साहेब. हा भरत नाय. हा लक्ष्या हाय."

"बाबल्या, चूक झालीय यादीत, तुला ठाऊक आहे."

"मला काय ठाऊक? यादीत भरत हाय. भरतला बोलव, तो देईल मत."

रांगेत लोक हसले. दारातला हवालदार जवळ आला आणि त्याने माझा दंड धरला. जोरात नाही, पण धरला. केंद्रावरचे मोठे साहेब आले. बारीक माणूस, कॉलरमध्ये रुमाल. म्हणाले, "तुमचं खरं नाव काय? खोट्या नावाने मत देणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

लक्ष्मण म्हणावं तर यादीत नाही, मत गेलं. भरत म्हणावं तर खोटं, आत गेलो. मला त्या वेळी तुरुंगाचं भय नव्हतं, खरं सांगतो. मला जिन्याचं ते वळण दिसत होतं. हे एक मतही हातून गेलं तर घरी जाऊन मी तिच्या तोंडाकडे कसा बघणार होतो?

"साहेब, दोन्ही," मी म्हणालो.

परत हशा. साहेब चिडले. "याला ओळखणारं कोणी आहे का इथे?"

बायकांच्या रांगेतून आई ओरडली, "मी वळाखतंय! माझो झील तो! लक्ष..."

आणि शेवंतीने सासूच्या तोंडावर हात ठेवला. भर रांगेत, पन्नास बायकांसमोर. आमच्याकडे सुनेने सासूच्या शब्दावर शब्द ठेवला तरी महिनाभर चर्चा चालायची. आईचे डोळे मोठे झाले. शेवंती रांग सोडून पुढे आली.

"मी ओळखते."

"तुम्ही कोण?"

"बायको. यादीत ह्यांच्याच खाली आहे, बघा."

साहेबांनी बोटाने ओळ शोधली. "नवऱ्याचं नाव सांगा."

अर्ध्या बायका आमच्याच चाळीतल्या, ही नाव घेत नाही हे सगळ्यांना माहीत. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मान वर केली आणि म्हणाली,

"भरत."

स्वच्छ म्हणाली. वाजंत्री नाही, काही नाही.

बाबल्या म्हणाला, "वैनी, खोटं बोलू नका."

"भावोजी, तुमच्या बायकोने कधी चारचौघांत तुमचं नाव घेतलंय?"

बाबल्या खाली बसला.

"मग मी घेतलं ते खोटं घ्यायला घेतलं?"

साहेबांनी हवालदाराकडे बघितलं, त्याने दंड सोडला. माझ्या बोटाला शाई लागली. पडद्यामागे जाऊन मी बादलीवर शिक्का मारला तेव्हा शेजारच्या चौकोनात शाई जाते की काय म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

घरी आल्यावर आईने स्टोव्ह पेटवला. बोंबील भाजला, मोठा तुकडा शेवंतीच्या पानात टाकला आणि एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडार हात ठेवलंस गो. बरा केलंस." मी दारात उभा. आतून शेवंतीची हाक आली, "भरतराव, हात धुवा, पान वाढलंय."

मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

मास्तर पडले. बादली कितव्या नंबरावर होती तेही मला कोणी सांगितलं नाही. मी जिन्यावर गेलो आणि त्या वळणावर बसून राहिलो. वरखाली करणाऱ्या बायका अंग चोरून जात होत्या, माझ्या अंगावर हंड्यातलं पाणी हिंदकळत होतं आणि मी उठत नव्हतो. मला वाटत होतं आता कशालाच काही अर्थ नाही, आपण इथेच पायरीसारखं झिजून जावं. शेवंती वरून आली. जिथे ती पडली होती तिथे त्यानंतर ती पाय ठेवायची नाही, उडी मारून जायची. त्या दिवशी तिथे बसली. म्हणाली, "भरतराव, वर चला." आमच्या मजल्यावरच्या नळाला पाणी आलं तेव्हा आमची मुलगी सुरेखा चौथीत होती. आणलं ते भलत्याच माणसाने, उद्घाटनाला बाबल्याने नारळ फोडला.

तेव्हापासून घरात मी भरतराव. भरतराव, दूध उतू जातंय. भरतराव, चष्मा डोक्यावर आहे. शेजारणी तिला चिडवायच्या, "काय गं, नवऱ्याचं नाव घेतेस?" ती म्हणायची, "मी कुठे घेतलं? ते यादीतलं नाव." तिला वाटायचं आपण मोठी युक्ती केली. हाकही मारता येते आणि नवऱ्याचं आयुष्यही कमी होत नाही, झालं तर त्या भरतचं होईल. जगात मला भरत म्हणणारे दोघेच, एक ती आणि एक सरकार. पुढे फोटोची कार्डं निघाली त्यावरही भरतच आला. नाव दुरुस्त करायला मी मुद्दामच कधी गेलो नाही. दर निवडणुकीला आम्ही दोघं सकाळी चहा घेऊन त्याच शाळेत जायचो, आतून नाव वाचलं जायचं, "भरत गोविंद", आणि ती बायकांच्या रांगेतून माझ्याकडे बघून पदरात हसायची.

शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "एकदा माझं खरं नाव घे." डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "कशाला? जगायचं नाय काय तुम्हाला?" मी म्हटलं, "नाय." तरी नाही घेतलं. चाळीस वर्षांवर माझं नाव जिभेवर येऊ दिलं नाही तिने. वाढलं ना आयुष्य माझं. हे बघा, वाढलंच. चहा एकट्याने घेण्याएवढं वाढलं.

दिवसकार्य झाल्यावर सुरेखा वसईहून येऊन कागदपत्रं आवरून गेली. चांगली पोरगी आहे, तिचं काही चुकलं नाही. मोबाईलवरच तिने आईचं नाव यादीतून कमी केलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या नावाची केवढी जुनी चूक होती! तीपण दुरुस्त केली." नवीन कार्ड आलं. लक्ष्मण.

बरीच वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक यंदा लागली तेव्हा मी ऑफिसात गेलो. काउंटरवर तरुण मुलगा होता.

"काका, काय काम?"

"नाव बदलायचंय."

त्याने बघितलं. "बरोबर आहे की. आधारवर पण लक्ष्मणच."

"बरोबर आहे हो. मला चुकीचं पाहिजे."

मी जुनं कार्ड पुढे केलं. "आधी हे होतं. भरत. हे परत लावा."

"हे रद्द झालं, काका. दुसरा काही पुरावा आहे?"

"दुसरा पुरावा आठ महिन्यांपूर्वी गेला."

मागच्या माणसाने घाई केली, तर मी त्याला शिवी घातली. या वयात, ऑफिसात, उगाच. मुलाने पाणी दिलं आणि म्हणाला, "घरी कोण आहे काका? फोन लावू का?" मी उठून आलो. लालबागपासून परळपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, कुठे जायचंय ते ठरलं नव्हतं.

मतदानाला जायचं नाही असं ठरवलं होतं. मग सकाळी चहा केला, कप दोन निघाले हातात. एक परत ठेवला आणि गेलो. तीच शाळा, आता तिला फरशी आणि लिफ्ट. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. सुरेखाने पाठवलेली मतदानाची चिठ्ठी घरी राहिली, किंवा मी ठेवली, आता नक्की सांगता येत नाही. पहिल्या टेबलावर एक पोरगी होती, सुरेखाच्या लेकीएवढी.

"आजोबा, नाव सांगा."

"भरत गोविंद," मी म्हणालो. ठरवून नाही. तोंडातून तेच आलं.

तिने यादी खालून वर बघितली, वरून खाली बघितली. "भरत नाहीये आजोबा. या आडनावाचे लक्ष्मण गोविंद आहेत. ते कोण?"

"तेही मीच."

एजंट लोकांनी माना वर केल्या. मग परत खाली घातल्या, म्हाताऱ्यावर कोण हरकत घेतो? पोरगी आवाज हळू करून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का सोबत?"

मी बायकांच्या रांगेकडे बघितलं.

मग खिशातून कार्ड काढून तिला दिलं. नवीन.